रिकामा रकाना आणि मोठे देव

भिंतीच्या कोपऱ्यात कुणी लघवी करू नये म्हणून तिथे देवांच्या टाइल्स लावतात. मानसशास्त्रज्ञ आरा नोरेन्झायन यांचं ‘बिग गॉड्स’ (२०१३) वाचताना मला सारख्या त्या टाइल्स आठवत होत्या.

पुस्तकाचा दावा थोडक्यात असा: लहान टोळीत सगळे एकमेकांना ओळखतात, लबाडी लपत नाही. टांझानियातल्या हाडझा लोकांच्या देवांना माणसांच्या नीतीत फारसा रस नाही, तरी त्यांचं सहकार्य चालतं. वस्ती वाढून अनोळखी माणसांशी व्यवहार सुरू झाला, की वरून पाहणारा आणि शिक्षा करणारा देव कामाला येतो. असा देव मानणारे गट टिकले, वाढले, आणि त्यांच्यासोबत तो देवही पसरला. म्हणजे नीती धर्मातून जन्मली असं नव्हे. धर्माने तिचा परीघ वाढवला.

मांडणी देखणी आहे. पुरावा तेवढा भक्कम नाही. २००७च्या प्रयोगात देवाशी संबंधित शब्द नकळत वाचलेल्यांनी अनोळखी माणसाला जास्त पैसे दिले. पण ‘पोलीस’, ‘न्यायालय’ अशा शब्दांनीही जवळपास तेच घडलं. पुढे २०१५मध्ये इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा देवाच्या शब्दांचा तसा परिणाम दिसला नाही.

२०१९मध्ये ‘नेचर’मध्ये ४१४ समाजांचा अभ्यास आला. निष्कर्ष उलटा: आधी मोठे समाज, मग नीतिरक्षक देव. २०२१मध्ये तो मागे घेतला गेला. जिथे माहितीच नव्हती, तिथे ‘असा देव नव्हता’ असं धरलं होतं. ‘माहीत नाही’ आणि ‘शून्य’ यांची गल्लत! कोड लिहिणाऱ्याला हे ऐकून हसू येतं. लेखकांनी पुढे विश्लेषण सुधारून तोच निष्कर्ष पुन्हा मांडला. वाद अजून मिटलेला नाही.

माझं हसू मात्र टिकलं नाही. “देव मानत नाहीस, मग तुला धरबंध कशाचा?” असं मावशीने विचारलं होतं, तेव्हा उत्तर म्हणून मी हाच निबंध घरच्या ग्रुपवर टाकला होता. नीट वाचलाही नव्हता. रिकामा रकाना मीही सोयीनेच भरला होता.

पुस्तकाबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्यातला देव प्रामुख्याने पहारेकरी आहे. मावशीचा देव तसा नाही. ती त्याच्याशी भांडते, त्याला दिवसभराचं सगळं सांगते. ती उरलेले पैसे परत करते ते त्याच्या धाकाने, असं मला कधी वाटलेलं नाही. पहाऱ्यापलीकडच्या या नात्याला नोरेन्झायन पुरेशी जागा देत नाहीत.

निबंध मागे घेतल्याचं मी ग्रुपवर कळवलं. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं आहे.