अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह: धोक्याची खूण की धोक्याचं कारण?

'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे' हे वाक्य पेटची तयारी करताना आपण सगळेच पाठ करतो आणि पेपर वाचायला घेतला की विसरतो. आज ते एकाच विषयावर घासून बघू: गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतली अँटी-टीपीओ चाचणी.

टीपीओ हे थायरॉइड हार्मोन तयार करायला लागणारं एन्झाइम. शरीराने त्याच्याविरुद्धच अँटीबॉडी बनवल्या, तर ग्रंथी हळूहळू कमकुवत होऊ शकते. केईएमच्या एंडोक्रायनॉलॉजी विभागातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये मुंबईतल्या ४८३ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १२.४ टक्के, म्हणजे साधारण ६० जणी, अँटीबॉडी पॉझिटिव्ह निघाल्या. गर्भपाताशी संबंधही दिसला.

अभ्यासाची जमेची बाजू मोठी आहे. ओपीडीत ओळीने आलेल्या स्त्रिया घेतल्या, निवडून नाही; आणि प्रसूतीपर्यंत पाठपुरावा केला. पण ९५ टक्के विश्वास-अंतराल स्वतः काढून बघा: ९.५ ते १५.४ येतो. शिवाय हे एकाच मोठ्या रुग्णालयातलं चित्र. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यासाठी प्रस्ताव लिहिताना १२.४ हा आकडा जसाच्या तसा उचलू नका. आणि गर्भपाताचं काय? वय वाढतं तशा अँटीबॉडीही जास्त आढळतात आणि गर्भपातही. मग दोष नक्की कोणाचा?

याचं उत्तर निरीक्षणातून मिळत नाही, त्यासाठी ट्रायल लागते. २००६ मध्ये इटलीत नेग्रो आणि सहकाऱ्यांनी ११५ पॉझिटिव्ह स्त्रियांपैकी निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन दिलं. गर्भपात ३.५ टक्के विरुद्ध १३.८ टक्के! टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजा: ५७ पैकी २ आणि ५८ पैकी ८. सगळा फरक सहा जणींचा.

मग २०१९ मध्ये ब्रिटनची 'टॅब्लेट' ट्रायल आली. थायरॉइडचं काम नॉर्मल, अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि पूर्वी गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास, अशा ९५२ स्त्रिया. गर्भधारणेआधीपासून रोज ५० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा प्लासिबो. ३४ आठवड्यांनंतर जिवंत बाळ: ३७.४ आणि ३७.९ टक्के. गोळीने काही फरक पडला नाही.

म्हणून चाचणी फुकट गेली का? नाही. गरोदरपणात ग्रंथीवर ताण वाढतो आणि पॉझिटिव्ह स्त्रीची ग्रंथी त्यात कमी पडू शकते. म्हणूनच अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना अशा स्त्रियांचा टीएसएच गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासायला सांगतात. हार्मोनच कमी पडलं तर उपचार लागतातच, तो मुद्दा वेगळा. पण टीएसएच नॉर्मल असताना नुसती अँटीबॉडी ही लक्ष ठेवण्याची खूण आहे. तेवढ्यावर गोळी दिली म्हणून गर्भ वाचतो, असं 'टॅब्लेट'मध्ये दिसलं नाही.

तुमच्या प्रस्तावात कुठलीही चाचणी असेल, तर समितीच्या आधी स्वतःलाच विचारा: रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर त्या बाईसाठी दुसऱ्या दिवशी नेमकं काय बदलणार?