वैद्यकीय महाविद्यालयाची निवड आणि क्लिनिकल पोस्टिंग : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
नीटचा निकाल हाती आला की विद्यार्थी व पालक वैद्यकीय महाविद्यालयांची तुलना करू लागतात. मागील वर्षाचा कट-ऑफ, शुल्क, वसतिगृह आणि शहर हे या तुलनेचे प्रमुख आधार होत. प्रत्यक्षात डॉक्टर घडतो तो दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात होणाऱ्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये आणि अखेरच्या एक वर्षाच्या फिरत्या आंतरवासितेमध्ये. मात्र या बाबींचा विचार निवडीच्या वेळी क्वचितच होतो. झालाच तर ‘रुग्णालय किती खाटांचे?’ या प्रश्नापाशी तो थांबतो. हा निकष आवश्यक असला तरी अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असून रायगड जिल्ह्यातील एका दाखल्याच्या आधारे ते येथे मांडले आहे.

खाटांच्या निकषाची मर्यादा :
अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक वैद्यकशाखेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. ए. टी. स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे या शाखेचे पहिले विद्यालय स्थापन केले. या शाखेच्या अनेक महाविद्यालयांना आज स्वतःचे मोठे रुग्णालय नाही. तिसऱ्या व चौथ्या वर्षी त्यांचे विद्यार्थी ठिकठिकाणच्या रुग्णालयांत पाठविले जातात. त्यामुळे ‘मला कोठे पाठविणार, किती आठवडे आणि कोणाच्या हाताखाली?’ हे तेथील प्रवेशेच्छूला विचारावेच लागते.

आपल्याकडे प्रवेशक्षमता रुग्णालयाच्या खाटांशी बांधलेली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांसाठी ४२० खाटा लागतात. नियमाने आपल्या वतीने चौकशी केलेली आहे, असे त्यामुळे विद्यार्थी गृहीत धरतो. परंतु खाटा मोजता येतात, तसे शिक्षण मोजता येत नाही. खाटेवरचा रुग्ण कोणत्या परिसरातून आला, तो बरा होईपर्यंत तेथे राहिला की अर्ध्यात अन्यत्र हलविला गेला, आणि विद्यार्थी त्याच्यापाशी किती वेळ थांबला, यांवर पोस्टिंगची गुणवत्ता ठरते.

बिरवाडीचा दाखला :
महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. त्यांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः लहान मुलांचे, मृत्यू होत असत. बावस्करांनी या रुग्णांपाशी बसून दंशापासून अखेरपर्यंतचा क्रम टिपला : उलट्या, दरदरून घाम, गार पडणारे हातपाय, वाढणारा रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसांत साचणारे पाणी. ही पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. उपचारासाठी त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. हे औषध शिरेतून द्यावे लागते आणि त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. पुढे प्राझोसिन हे तोंडाने देता येणारे, स्वस्त औषध त्यांनी उपयोगात आणले व त्याविषयीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. अशा गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे १ टक्क्यावर आल्याचे नमूद झाले आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री प्राप्त झाली.

या दाखल्यातून ‘खेडे हीच खरी पाठशाळा’ असा भाबडा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत सेवा केलेले सर्वच डॉक्टर संशोधक झाले नाहीत. बावस्करांनाही एम. डी.साठी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागले. दाखल्याचे महत्त्व वेगळ्या बाबतीत आहे. आजाराचा आरंभ आणि शेवट एकाच डॉक्टरने, एकाच ठिकाणी पाहिला, म्हणून त्यातील सूत्र हाती आले. रुग्ण वेळेत जेथे पोहोचतच नव्हते, त्या दूरच्या मोठ्या रुग्णालयात कितीही खाटा असल्या तरी हे सूत्र सापडणे कठीण होते.

अलिबाग व कामोठे :
आज रायगडमधील विद्यार्थ्यासमोर जिल्ह्यातच पर्याय आहेत. पनवेल तालुक्यातील कामोठे येथे १९८९ पासून महात्मा गांधी मिशनचे महाविद्यालय आहे. अलिबाग येथे २०२१ मध्ये १०० जागांचे शासकीय महाविद्यालय सुरू झाले व त्याला जिल्हा रुग्णालयाची जोड मिळाली. पहिल्याचा परिसर महानगराचा व महामार्गांचा, तर दुसऱ्याचा कोळीवाडे, भातशेती आणि कातकरी वाड्यांचा. सर्पदंश, विंचूदंश, लेप्टोस्पायरोसिस, क्षय व कुपोषण हे किनारपट्टीवरील अनुभवाचे विषय होत. यांपैकी एक परिसर श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असे नव्हे. मात्र त्यांतून होणारे शिक्षण एकसारखे नाही, हे निवड करणाऱ्याला ठाऊक हवे.

अलिबागपुढील खरा प्रश्न रुग्ण पुढे पाठविण्याचा आहे. मुंबई जवळ आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवेने ती आणखी जवळ आली. रुग्णाच्या दृष्टीने ही सोयच आहे आणि त्याचा जीव वाचणे हे विद्यार्थ्याच्या शिक्षणापेक्षा केव्हाही मोठे. तथापि गंभीर रुग्ण नेहमीच पलीकडे जाऊ लागला, तर विद्यार्थी प्रत्येक आजाराचा पूर्वार्धच पाहील आणि चिठ्ठी लिहिण्यात तरबेज होईल. जिल्ह्याला महाविद्यालय मिळूनही डॉक्टर मिळणार नाही, हा यातील धोका आहे. यावर उपाय विद्यार्थ्याच्या हाती नाही. अतिदक्षता विभाग, रक्तपेढी व पूर्णवेळ अध्यापक यांची तरतूद शासनानेच करावयाची आहे.

निष्कर्ष :
१. महाविद्यालयांची तुलना करताना खाटांबरोबरच रुग्णांचा परिसर व आजारांचे स्वरूप विचारात घ्यावे.
२. गंभीर रुग्णांपैकी किती जणांवर तेथेच अखेरपर्यंत उपचार होतात, हा प्रश्न प्रवेशापूर्वी विचारला जावा आणि महाविद्यालयांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध करावे.
३. २०२१ च्या विनियमांनुसार आंतरवासितेच्या ५२ आठवड्यांपैकी १२ आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्रासाठी आहेत. हे आठवडे नीट-पीजीच्या तयारीची सवड ठरतात की वाड्यावस्त्यांवरील प्रत्यक्ष कामाचे, यावरून महाविद्यालयाची पारख करता येईल.
४. कनिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकांनी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना कट-ऑफच्या तक्त्यासोबत हे प्रश्नही त्यांच्या हाती द्यावेत. सतराव्या-अठराव्या वर्षी विद्यार्थ्याला ते आपणहून सुचतील, अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे.