हसू नोकरीवर असतं तेव्हा

'व्यावसायिक वर्तन' या विषयावर प्रपोजल लिहिताय? मग आर्ली हॉकशील्ड यांचं 'द मॅनेज्ड हार्ट' (1983) आधी वाचा.

डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींचं प्रशिक्षण त्यांनी स्वतः बसून पाहिलं, मुलाखती घेतल्या. प्रवाशाला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या भावना आवरायच्या किंवा आणायच्या, आणि पगार त्याचाही असतो; याला त्यांनी 'भावनिक श्रम' म्हटलं. वरवर हसणं वेगळं आणि मनाला तसं वाटायला लावणं वेगळं, हेही त्या नीट उलगडतात. मला सगळ्यात भारी वाटला तो थकबाकी वसूल करणाऱ्यांचा भाग. त्यांचं काम नेमकं उलटं: समोरच्यावर संशय घ्यायचा, त्याला दरडवायचं. तिथे तेच 'प्रोफेशनल'!

खटकतं ते असं की पुस्तकातला कर्मचारी जरा जास्तच पिचलेला दिसतो. शॅरन बोल्टन आणि कॅरल बॉइड यांनी 2003 मध्ये असाच आक्षेप घेतला: केबिन क्रू भावना कौशल्याने हाताळतात, आणि दरवेळी कंपनीसाठीच नाही. मला ते पटतं, पण त्यामुळे पगार देणारा हात काही बदलत नाही.

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत प्रश्न होता, 'तुम्ही ग्राहकांशी नम्रपणे वागता का?' झाडून सगळ्यांनी 'नेहमी'वर खूण केली. मी खूश! गाईडनी कागद चाळले आणि एवढंच विचारलं, "फॉर्म गोळा कोणी केले?"

मॅनेजरनी.