ऑथेल्लोचा रुमाल

शेक्सपियरचें 'ऑथेल्लो' मराठी रसिकांस नवीन नाहीं. महादेवशास्त्री कोल्हटकरांचें भाषांतर १८६७ सालीं प्रसिद्ध झालें आणि १८९० सालीं गोविंद बल्लाळ देवलांनीं 'झुंझारराव' ह्या नांवानें त्याचें रूपांतर केलें. मत्सराचें नाटक म्हणून त्याची चर्चा पुष्कळ होते. परंतु तो मत्सर ज्या संसारास जाळतो तो दोन भिन्न वंशांतील माणसांचा आहे, हें ध्यानांत घेतल्याखेरीज त्याचा उलगडा होत नाहीं. अशा संसारांत एकाच्या कुळाचा वारसा दुसऱ्याच्या हातीं कसा पोंचावा, हा प्रश्न नाटककारानें एका रुमालांत गुंफून ठेविला आहे.

नाटकाचें मूळ सिंथिओ ह्या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहांत आहे. रुमाल तेथेंही आहे. पण तो मूर धर्तीचा कशिदा काढलेलें एक सुंदर वस्त्र, इतकेंच. तो नायकाच्या आईचा होता, एका इजिप्शियन मांत्रिकिणीनें तिला दिला होता, आणि मरतांना तिनें तो भावी सुनेसाठीं पुत्राच्या स्वाधीन केला, ही सर्व भर शेक्सपियरची. परंतु ही कुळकथा ऑथेल्लो डेस्डिमोनास विस्तारानें सांगतो ती रुमाल हरवल्यावर, आणि तीही धाक घालण्याकरितां! तिच्या पित्याच्या घरीं आपल्या आयुष्याची हकीकत सांगूनच त्यानें तिचें मन जिंकलें होतें. तेथें मोहिनी घालणारी वाणी येथें दरारा उत्पन्न करते. शेवटच्या अंकांत तर तोच रुमाल बापानें आईस दिल्याचें तो सांगतो. खरें कोणतें, ह्याचा निर्णय नाटकांत होत नाहीं. ज्याच्याभोंवतीं स्वकीय असा एकही नाहीं, त्याच्या कुळकथेस दुसरा साक्षीदार कोठून मिळावा?

डेस्डिमोनाजवळही वारसा आहे. मृत्यूच्या रात्रीं ती जें गाणें आठवते, तें तिच्या आईच्या दासीचें. आणि त्या दासीचें नांव बार्बरी, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याचें. ही आठवण ती एमिलियास सांगते, पतीस नव्हे. पतीला व्हेनिसच्या स्त्रियांची रीतभात कळते ती इयागोच्या तोंडून. अपरिचित समाजांत वावरणारा तो शूर सेनापति ह्या दुभाष्यावर विसंबतो आणि तेथेंच बुडतो.

भिन्न वंशांत विवाह करूं नये, असा बोध ह्या नाटकांतून काढणारे वाचक सिंथिओची कथा वाचीत असतात. त्याची नायिका आपल्या विवाहाचा पश्चात्ताप करते आणि इतर मुलींस आपल्यापासून धडा घ्या असें सुचविते. शेक्सपियरची डेस्डिमोना मरतांनाही तसें म्हणत नाहीं. हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाहीं. १९४३ सालीं पॉल रोबसन ह्या कृष्णवर्णीय नटानें न्यूयॉर्कमध्यें ऑथेल्लोची भूमिका केली, तेव्हां अमेरिकेच्या अनेक राज्यांत असा विवाह कायद्यानें निषिद्ध होता. ते कायदे सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं रद्द ठरविले.

डेस्डिमोनाचा पिता ऑथेल्लोस कौतुकानें घरीं बोलावीत असे. पण तोच जांवई झाल्याचें कळतांच त्याला त्यांत जादूटोणा दिसला. पाहुण्याचा वारसा ऐकावयास गोड वाटतो, आप्ताचा वारसा स्वीकारावा लागतो. ह्या दांपत्यापैकीं एकाजवळ आईचा रुमाल होता, दुसरीजवळ आईच्या दासीचें गाणें. तीं दोन्ही निवांतपणें एकमेकांस सांगावयास त्यांना अवसर मिळता, तर इयागोचें काम फार अवघड झालें असतें.