बोगदा पडणार नाही, पण बंद किती दिवस?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक सवय तुम्हालाही लागली असेल. शोधनिबंधाचा सारांश वाचायचा, त्यातला आकडा उचलायचा आणि आपल्या प्रस्तावात चिकटवायचा. मीही तेच केलं होतं. आज त्या आकड्याची आणि त्यामागच्या निबंधाची चिकित्सा करू.

आकडा आहे ०.१९ जी. डाउडिंग आणि रोझेन यांनी १९७८ साली भूकंपाच्या हादऱ्यांत सापडलेल्या ७१ बोगद्यांच्या नोंदी तपासल्या. जिथे पृष्ठभागावरचं कमाल त्वरण ०.१९ जीपेक्षा कमी होतं, तिथे बोगद्यांना नुकसान दिसलं नाही. ०.५ जीपर्यंतही बहुतेक ठिकाणी किरकोळच. इकडे आयएस १८९३ (२०१६) मध्ये मुंबई झोन ३ मध्ये येते आणि त्याचा झोन गुणक आहे ०.१६. मी दोन आकडे शेजारी ठेवले. ०.१६ लहान, ०.१९ मोठा, म्हणजे कोस्टल रोडचा मलबार हिलखालचा बोगदा सुरक्षित! एका रात्रीत ते पान लिहून मोकळी झाले.

वरळीला बीडीडी चाळीत आमच्या शेजारचे काका टॅक्सी चालवतात. कोस्टल रोड झाल्यापासून गिरगावकडे जायचं तर ते बोगद्यातूनच जातात. त्यांना मी हौसेने हे सांगितलं. ते म्हणाले, "पडत नाही म्हणतेस, बरं आहे. पण बंद किती दिवस राहील गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तो निबंध पुन्हा वाचला.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. "भूमिगत बांधकाम भूकंपात तुलनेने बरं टिकतं" ही गोष्ट त्यांनी नोंदी गोळा करून दाखवली. कारण सोपं आहे. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये मधला माणूस पडत नाही, कारण चारी बाजूंनी त्याला आधार असतो. खडकातला बोगदाही तसाच जमिनीबरोबर हलतो. इमारत मात्र मोकळी डोलते. पण लोकलच्या दारातल्या माणसाचं काय? बोगद्याचं दार म्हणजे त्याची तोंडं. तिथे वरचा खडक कमी, उतार सैल. नुकसान बऱ्याचदा तिथेच होतं.

आता माझे तीन आक्षेप. खरं तर ते निबंधापेक्षा माझ्या वाचनावर जास्त आहेत.

पहिला: ते त्वरण बोगद्याजवळ मोजलेलं नाही. भूकंपाची तीव्रता आणि अंतर यांवरून ते काढलेलं आहे. माझं ०.१६ तर मोजमापही नाही, तो डिझाइनसाठी ठरवलेला गुणक आहे. दोन वेगळ्या जातीच्या आकड्यांत "लहान-मोठं" करून निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय झोन बदलतात. किल्लारी परिसर १९९३ च्या भूकंपाआधी सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या नकाशात तो झोन ३ मध्ये आला. जमीन तीच होती, आपली समज बदलली.

दुसरा: नमुना. ते बोगदे खडकातले, मुख्यतः रेल्वेचे आणि पाण्याचे, साधारण ३ ते ६ मीटर व्यासाचे. कोस्टल रोडचे जुळे बोगदे 'मावळा' यंत्राने १२.१९ मीटर व्यासाने खोदले. अस्तर काँक्रीटच्या तयार तुकड्यांचं आहे. त्या ७१ मध्ये असा बोगदा नाही, तर तो आकडा इथे लागू पडतो हे आधी सिद्ध करावं लागेल. नमुना बदलला की चित्र किती बदलतं बघा: तैवानच्या १९९९ च्या चि-चि भूकंपानंतर तपासलेल्या ५७ बोगद्यांपैकी ४९ मध्ये नुकसान आढळलं.

तिसरा, काकांचा: निबंध मोजतो नुकसान. धोका म्हणजे नुकसानाची शक्यता गुणिले त्याचा परिणाम. भेग "किरकोळ" असली तरी तपासणी होईपर्यंत वाहतूक थांबते. जपानात २३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात उओनुमा बोगद्याच्या अस्तराचं काँक्रीट पडलं. बोगदा कोसळला नाही. तरी त्या मार्गावरची शिंकान्सेन पूर्ववत व्हायला २८ डिसेंबर उजाडला. पूल आणि रुळांचंही नुकसान होतं हे खरं, पण प्रवाशाला कारणाशी काय देणंघेणं! "पडला की टिकला" या रकान्यात हे दोन महिने दिसतच नाहीत.

बंद राहण्याच्या दिवसांचे आराखडे आहेत, नाही असं नाही. अमेरिकेच्या हॅझस पद्धतीत बोगद्यांसाठी ते मिळतात. पण त्यांचा पाया मुख्यतः एटीसी-१३ (१९८५) मधले तज्ज्ञांचे अंदाज आहेत. वापरा, पण "अंदाज" असं लिहून वापरा.

आमची आजी १९६७ च्या कोयना भूकंपाची गोष्ट सांगायची. पहाटे मांडणीवरची भांडी वाजली आणि लोक जांबोरी मैदानात पळाले. चाळ टिकली. पण लोक परत खोलीत कधी गेले, हे मी तिला कधी विचारलंच नाही. माझ्या प्रस्तावातही नेमकं तेच राहिलं होतं.

आता ते पान मी बदललंय. ०.१९ अजून आहे, पण त्याच्या शेजारी तीन ओळी आहेत: कुठल्या बोगद्यांवरून, कसा काढलेला, आणि कशाबद्दल गप्प. तुम्हीही तुमच्या प्रस्तावातला सर्वांत आवडता आकडा काढा आणि या तीन ओळी लिहून बघा. तिसरी ओळ सुचली नाही, तर ज्याचं पोट त्या रस्त्यावर आहे अशा कुणालातरी विचारा.