शासन, अनुशासन आणि एनसीसी

मागच्या व्याख्यानानंतर दोन-तीन श्रोत्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता. आजच्या मुलांना शिस्त राहिलेली नाही, तर मग कॉलेजांमध्ये लष्करी शिक्षण सक्तीचं का करू नये? तेव्हा मी म्हटलं होतं, याचं उत्तर दोन मिनिटांत देणार नाही, कारण ती सक्ती मी स्वतः अनुभवलेली आहे. आज ते उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. विषय आहे राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एनसीसी.

मी 1965 साली कॉलेजात गेलो. चीनबरोबरच्या युद्धानंतर, 1963 पासून, धडधाकट मुलांना एनसीसी सक्तीची झाली होती. आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. खाकी कपडे, पट्ट्याचं पितळ ब्रासोनं घासायचं, बूट चकाकेपर्यंत पॉलिश करायचे आणि ठरलेल्या दिवशी पहाटे मैदानावर हजर व्हायचं. शिकवायला सैन्यातले हवालदार असत. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो.

ऑक्टोबरातली गोष्ट आहे. कुणी मोठे अधिकारी तपासणीला येणार होते, त्यांना उशीर झाला. आम्ही रिकाम्या पोटी उन्हात 'सावधान'मध्ये उभे. माझ्या पुढच्या रांगेत माझा मित्र होता. आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो डुलायला लागला आणि सरळ तोंडावर कोसळला. हनुवटी फुटली. रक्त मला दिसत होतं, तो माझ्यापासून दोन पावलांवर होता. मी हललो नाही. कुणीच हललं नाही. उस्ताद मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते, ते धावत आले आणि त्यांनीच त्याला उचलून सावलीत नेलं. नंतर आमच्या तुकडीचं कौतुक झालं, की एकही पोरगा जागचा हलला नाही. आणि खरं सांगतो, मला त्या कौतुकाचा अभिमान वाटला. चांगले आठ-दहा दिवस वाटला. मित्रानंही मला काही विचारलं नाही. मी पडलो असतो तर तोही तसाच उभा राहिला असता, हे आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

पुढे मी तत्त्वज्ञान शिकवलं. नीतिशास्त्राच्या तासाला कर्तव्य म्हणजे काय, हे फळ्यावर लिहिताना हा प्रसंग कितीतरी वेळा आठवला. एनसीसीकडे मी बघतो ते त्या दोन पावलांच्या अंतरावरून. म्हणून माझं म्हणणं ऐकताना हा माणूस तटस्थ नाही, हे लक्षात ठेवा.

आता थोडा इतिहास, कारण टीका करायची तर संस्थेला तिचा न्याय द्यायला हवा. 1878 च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं, ही आपल्याकडच्या राजकारणातली जुनी जखम होती. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, सरकारला विद्यार्थ्यांची तुकडी उभारावीशी वाटली. तिचंच रूप बदलत बदलत 1942 मध्ये विद्यापीठ अधिकारी प्रशिक्षण दल झालं. त्यामागचा हेतू साम्राज्याची गरज हाच होता. 1946 मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून 1948 चा एनसीसी कायदा आला. कुंझरू म्हणजे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. पुढे राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य म्हणून ते महाराष्ट्राला वेगळ्या कारणानं माहीत झाले. नेमस्त परंपरेतला माणूस. त्याला मुलांच्या हातात बंदूक द्यायची हौस होती, असं कुणी म्हणू शकणार नाही.

त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॅडेटवर प्रत्यक्ष लष्करी सेवेचं बंधन नाही. युद्ध झालं तरी कॅडेटला आघाडीवर पाठवता येत नाही. आता याचा अर्थ नीट बघा. जिचा प्रशिक्षित माणूस लढायला बांधील नाही, ती सेना नव्हे. ती शिक्षणसंस्था आहे. संरक्षण मंत्रालय ती चालवतं, वर लेफ्टनंट जनरल असतो, उस्ताद सैन्यातून येतात, हे सगळं खरं. पण कायद्यानंच तिला शिक्षणाच्या बाजूला ठेवलंय. म्हणून तिला शिक्षणाचीच फूटपट्टी लावली पाहिजे. परेड किती सरळ झाली, हा प्रश्न दुय्यम. परेड करून पोरगा कसा झाला, हा खरा प्रश्न.

सक्तीचा अनुभव काय सांगतो? 1963 ते 1968. पाच वर्षं. जवळजवळ अख्ख्या कॉलेजला कवायत शिकवायची म्हटल्यावर उस्ताद पुरेनात, रायफली पुरेनात. आमच्याकडे हजेरी हाच मुख्य अभ्यासक्रम झाला. हजेरी लावून पळायचं कसं, आजारपणाचा दाखला कुठून मिळवायचा, मित्राच्या नावाला 'हाजिर' कसं म्हणायचं, यात आम्ही मात्र तरबेज झालो. (हशा) हसू नका, हेही शिक्षणच होतं. शिस्तीच्या नावाखाली आम्ही खोटं बोलायला शिकलो. 1968 मध्ये एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली आणि 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हा ज्यांना पुन्हा सक्ती हवी आहे त्यांना माझं एवढंच सांगणं, की हा प्रयोग युद्धाच्या ऐन गरजेच्या काळात करून झालेला आहे.

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत. ते म्हणतात, हे सगळं पोरांच्या डोक्यात लष्कर भरायचं काम आहे, बंद करून टाका. त्यांच्याशीही मी सहमत नाही. दहा दिवसांच्या शिबिरात मी पहिल्यांदा अशा मुलांच्या ताटाला ताट लावून जेवलो, ज्यांना आमच्या घरात ओसरीच्या आत घेतलं नसतं. तिथे रांग उंचीनुसार लागायची, जातीनुसार नाही. समतेवरची भाषणं मी नंतर खूप ऐकली, पण ताट घासायच्या नळावरची ती रांग माझ्या अंगात आधी शिरलेली होती. मी शिकवत असतानाची एक मुलगी आठवते. कोपऱ्यात बसायची, नाव विचारलं तरी मान खाली. शिबिरातून परतली आणि तासाला हात वर करून म्हणाली, "सर, मला हे पटलं नाही." मुलींचा विभाग 1949 पासून आहे. किती घरांतून मुलगी पहिल्यांदा एकटी बाहेर पडली ती या खाकी कपड्यांच्या आधारानं, हे विसरून चालणार नाही. आणि एनसीसीच्या अधिकृत उद्दिष्टांत धर्मनिरपेक्ष दृष्टिकोन हा शब्द आहे. तो वाचून दाखवायला काही हरकत नाही.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? ती 'अनुशासन' या शब्दाबद्दल आहे. एनसीसीचं ब्रीद आहे 'एकता और अनुशासन'. मराठीत आपण त्याचं भाषांतर पटकन शिस्त असं करतो आणि शिस्त म्हणजे हुकूम पाळणं असं समजतो. पण हा शब्द मुळात बराकीतला नाही, गुरुकुलातला आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतो, त्याला अनुशासन म्हटलंय. आणि त्या उपदेशात आचार्य काय सांगतो? आमची जी चांगली वागणूक असेल तेवढीच घे, बाकीची घेऊ नको. म्हणजे गुरूचं चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, हे ठरवायचा अधिकार शिष्याला दिलेला आहे.

आपल्या पिढीत हा प्रश्न एकदा जाहीरपणे उभा राहिला. आणीबाणीत. विनोबांच्या 'अनुशासन पर्व' या शब्दांचा सरकारनं भरपूर वापर केला. वर्षभराचं मौन 25 डिसेंबर 1975 ला सोडल्यावर पवनारला विनोबांनी खुलासा केला, की शासन सत्तेचं असतं आणि अनुशासन आचार्यांचं. विनोबांच्या त्या काळातल्या भूमिकेवर टीका झाली, मीही केलेली आहे. पण हा भेद पक्का आहे. हुकूम मोडला तर शिक्षा होते, ते शासन. उपदेश पटला म्हणून पाळला, तर ते अनुशासन.

आता मैदानावर चला. 'दाहिने मुड' म्हटल्यावर का, असं विचारायचं नसतं. तिथे ते योग्यच आहे. शंभर पोरं एका वेळी वळायची तर चर्चा करून कशी वळतील? कांटनं 1784 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमकं सैन्याधिकाऱ्याचं उदाहरण घेतलंय. कामावर असताना त्यानं आज्ञा पाळावी, पण विचारी माणूस म्हणून सैन्यातल्या चुकांवर जाहीरपणे लिहायचा-बोलायचा त्याचा हक्क काढून घेता येणार नाही. दोन्ही एकाच माणसात हवं. एनसीसीत पहिला भाग उत्तम शिकवला जातो. दुसऱ्या भागासाठी माझ्या वेळी वेळापत्रकात तासच नव्हता. नंतर प्राध्यापक म्हणून जे जवळून पाहिलं त्यातही मला तो दिसला नाही.

कुणी म्हणेल, सर, हे तुमचं पुस्तकी झालं, सैन्य असं चालत नाही. बरं, मग सैन्याचाच कायदा बघू. 1950 च्या लष्कर कायद्यात आज्ञाभंग हा मोठा गुन्हा आहे, पण आज्ञा कसली? कायदेशीर आज्ञा. ते विशेषण तिथे मुद्दाम आहे. म्हणजे खऱ्या सैनिकानंही समोरचा हुकूम कायदेशीर आहे की नाही याचं भान ठेवावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मला एनसीसीत हे विशेषण कुणी सांगितलं नाही. खऱ्या सैन्यापेक्षा आमचं लुटुपुटूचं सैन्य जास्त आज्ञाधारक होतं! माझी टीका ती हीच. लष्करी शिक्षण फार झालं, असं मी म्हणत नाही. ते अर्धंच झालं, आणि सोपं अर्धं झालं.

हे आत्ता बोलायचं कारण आहे. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एनसीसी हा श्रेयांक मिळवून देणारा ऐच्छिक विषय म्हणून घ्यायची वाट मोकळी केली. 'सी' प्रमाणपत्र असलं तर विशेष प्रवेशाच्या वाटेनं लेखी परीक्षा टळते आणि अधिकारी निवडीच्या मुलाखतीला थेट जाता येतं. ग्रामीण भागातल्या पोरांसाठी ही मोठी संधी आहे, तिला नाक मुरडणारा मी कोण? पण श्रेयांक आले की विद्यापीठाची जबाबदारीही आली. आपण ज्याला गुण देतो, तो विषय आपला. त्यात प्रश्न विचारायला जागा आहे का, हे अभ्यास मंडळानं बघायलाच हवं.

काय करता येईल? फार मोठं काही सुचवत नाही. परेडनंतर नाश्ता असतो. त्यानंतर अर्धा तास मुलांना गोल करून खाली बसवा, हुद्दे बाजूला ठेवा. आज काय चुकलं, कोणता हुकूम समजला नाही, कुणावर अन्याय झाला, हे त्यांना बोलू द्या. कॉलेजातले जे प्राध्यापक एनसीसीचे अधिकारी असतात, कामठीला जाऊन प्रशिक्षण घेऊन येतात, त्यांच्याकडे ही जबाबदारी द्या. ते मुळात शिक्षक आहेत, गणवेश नंतर चढला. कायदेशीर आज्ञा म्हणजे काय, यावर एक धडा ठेवा आणि त्यावर परीक्षेत प्रश्न विचारा. आणि पहिल्याच दिवशी मुलांना सांगा, की शेजारचा कोसळला तर 'सावधान' असो की आणखी काही, सगळ्यात जवळ असेल त्यानं रांग मोडायची. परवानगीची वाट बघायची नाही.

माझ्या मित्राची हनुवटी बरी झाली, व्रण राहिला. पुढे पन्नास वर्षं आम्ही भेटत राहिलो. एकदा मी त्याला विचारलं, "अरे, त्या दिवशी मी हललो नाही, तुला राग नाही आला?" तो म्हणाला, "राग कसला? तुला हलायची परवानगी कुठे होती?" त्याला वाटलं, त्यानं मला माफ केलं. मला मात्र त्याच्या उत्तरानं झोप लागली नाही.

मी थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ. आणि कुणी माजी कॅडेट इथे असतील आणि माझं म्हणणं पटलं नसेल, तर त्यांनी आधी बोलावं.