नाक, चाबूक आणि टॉमी

दिवाळी अंकात दंडसंहितेचे परीक्षण म्हणजे चिवड्यात खडा, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. तरी त्यांनी थोडे थांबावे. या पुस्तकात शंभराहून अधिक छोट्या छोट्या गोष्टी आहेत. त्यातल्या बहुतेक दोन-तीन वाक्यांत आटोपतात. माणसाच्या रागालोभाविषयी त्या जे सांगून जातात, ते सांगायला आपल्या कादंबरीकारांना पुष्कळदा तीनशे पाने लागतात.

या संहितेचा मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये सादर केला. तो कायदा झाला १८६० मध्ये. मेकॉले त्याच्या काही महिने आधीच वारला होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्याची दंडसंहिता निराळी. त्यामुळे आमच्याकडे ही संहिता १९५१ मध्ये पोहोचली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, गोष्टी मात्र बहुतांशी त्याच राहिल्या. कलमाचा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून खाली 'उदाहरण' जोडायचे, ही मेकॉलेची पद्धत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांवर मेकॉलेच्या निबंधांचा ठसा होता, हे आपल्या टीकाकारांनी वारंवार सांगितले आहे. पण त्याच्यातल्या कथाकाराकडे कोणी फारसे वळले नाही.

या गोष्टींतील पात्रांना नावे नाहीत. माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधला प्रत्येक जण नावागावासह आपल्यासमोर उभा राहतो; येथे नुसती अक्षरे. आपण त्यांना क आणि य म्हणू. त्यांना जात नाही, वय नाही, घरी वाट पाहणारे कोणी नाही. असे असून ती माणसे वाटतात, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

माझी सर्वांत आवडती गोष्ट नाकाची. क हा य चे नाक ओढू पाहतो. य त्याला धरून ठेवतो. तो त्याचा स्वसंरक्षणाचा हक्कच आहे. आपल्याला धरले याचा क ला भयंकर संताप येतो आणि त्या संतापात तो य ला ठार मारतो. संहिता म्हणते, हा खून. गंभीर आणि अकस्मात चिथावणीने माणसाचे भान सुटले तर कायदा त्याचा गुन्हा थोडा हलका मानतो. पण ज्याने हक्काने आपला बचाव केला, त्याच्या बचावालाच चिथावणी म्हणता येत नाही. इंग्रजांच्या समाजात नाक ओढणे हा मोठा अपमान समजत, म्हणून हे उदाहरण आले असावे. पण आपल्या भाषेत नाक कापले जाते, नाक घासावे लागते, नाक वर करून चालता येते. अपमानाला याहून योग्य अवयव मराठी लेखकालाही सापडला नसता. रस्त्यावरच्या बहुतेक भांडणांची कथावस्तू हीच आहे. आधी कुरापत काढणाराच, समोरच्याने हात धरला की, 'मला हात लावतोस?' म्हणून पेटून उठतो.

दुसरी गोष्ट चाबकाची. य हा क ला चाबकाने मारू पाहतो, पण जबर दुखापत होईल अशा रीतीने नव्हे. क पिस्तूल काढतो. य थांबत नाही. दुसरा इलाजच नाही, असे प्रामाणिकपणे वाटून क गोळी झाडतो आणि य मरतो. निकाल: खून नाही, पण सदोष मनुष्यवध आहे. हा निकाल मला अत्यंत सूक्ष्म वाटतो. क ने चाबूक निमूटपणे खावा, असे संहिता म्हणत नाही. उलट, लोकांच्या अंगी थोडे पाणी यावे अशीच आमची इच्छा आहे, असे त्या आयोगाने आपल्या टिपणात लिहून ठेवले होते. पण चाबकाचा वळ आणि माणसाचा जीव यांची किंमत एक नाही. शरीराला मरणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हक्क पार समोरच्याच्या मरणापर्यंत जातो. नुसती इज्जत गेली तर तो तेथवर जात नाही. भीतीला येथे हक्क मिळतो, रागाला फार तर सवलत. घाबरलेल्या माणसाने आपला प्रत्येक फटका तोळ्या-माशाने मोजून मारावा, असाही न्यायालयांचा आग्रह नसतो.

दोष नाहीत असे नाही. जमावातील मुलांची गोष्ट मला खटकते. खुनी जमाव क वर चालून येतो. जमावात मिसळलेल्या लहान मुलांना धोका पोहोचवल्याशिवाय त्याला गोळी झाडता येत नाही. मुलांना इजा झाली तरी क चा गुन्हा नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेलही. परंतु कथाकार तेथून इतक्या लगबगीने निघून जातो, की त्या क ला पुढे झोप लागली का, हे विचारायलाही आपल्याला उसंत मिळत नाही. आणि नव्या संहितेने तो चाबूक का ठेवावा? आज घोड्याचा चाबूक घेऊन कोण हिंडतो? २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात रस्त्यात गाडी उभी करण्यावरून बाचाबाची झाली, नवज्योतसिंग सिद्धू यांनी पासष्ट वर्षांच्या गृहस्थांना मारले आणि त्यात ते गृहस्थ दगावले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त हजार रुपये दंड केला होता; फेरविचारात, १९ मे २०२२ रोजी, एक वर्षाची सक्तमजुरी दिली. धडधाकट खेळाडूचा नुसता हातसुद्धा शस्त्र ठरू शकतो, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. नव्या उदाहरणाला एवढी सामग्री पुरेशी होती.

नाहीतर त्यांनी केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या रस्त्यावर यायचे होते. गेल्या गळीत हंगामात, दिवेलागणीला, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि एक मोटारसायकल यांची थोडक्यात चुकामूक झाली. मोटारसायकलवर मागे बायको, मध्ये मूल. त्या माणसाने गाडी आडवी घातली, चालकाला खाली ओढले आणि थोबाडीत दिली. दुसरी देऊ लागला तेव्हा चालकाने त्याचा हात पिरगाळून त्याला दूर लोटले. येथवर सगळे कलमात बसते. गावात पोलीस ठाणे आहे, पण थोबाडीत बसत असताना माणसाने ठाण्याकडे धावत सुटावे असे काही कायदा सांगत नाही.

मोटारसायकलवाला शिव्या देत गाडीकडे वळला. मूल रडत होते. तेवढ्यात चालक ट्रॅक्टरवर चढला आणि त्याने सीटखालची टॉमी काढली. खाली उतरून तो आठ-दहा पावले गेला असेल. चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा आडवा आला आणि त्याने चालकाचे मनगट धरले.

"आरं लेकरा, त्यो माघारी फिरला की."

स्वसंरक्षणाचा हक्क धोक्याची भीती असते तोवरच असतो, हे सांगायला संहितेला कितीतरी ओळी लागल्या आहेत. चालक म्हाताऱ्याकडे पाहत उभा राहिला. मनगट धरणाऱ्यावर तो उलटला असता, तर ती नाकाचीच गोष्ट झाली असती. मोटारसायकल सुरू झाली, बाई मागे वळून पाहत होती. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर म्हाताऱ्याने मनगट सोडले, आणि टॉमी पुन्हा सीटखाली गेली.